माहेरचा नारळ

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझ्या सासरी जायला रस्ता नव्हता, पूल होता, आणि तोही रेल्वेचा. गाव वैतरणा खाडीतल्या बेटावर. स्टेशनवर उतरायचं आणि रुळांच्या कडेने पूल ओलांडायचा. गाडी आली की बाजूला माणसापुरत्या काढलेल्या कठड्यात शिरायचं, गेली की पुढे. रेल्वेला वाटे पूल आपला, गावाला वाटे आपला. दोघांचं बरं चाललं होतं.

मी माहीमच्या वाडीतली, केळी-पानवेलीत वाढलेली. लग्नात नवऱ्याचा शेला धरून, डोळे मिटून पूल ओलांडला, तो दिवाळीपर्यंत बेटावरून हलले नाही. आईला कळलं तेव्हा तिने निरोप धाडला, "दिवाळीला न्यायला येते. पुलाचं भ्या जात नसेल तर परत जाऊ नको, हितंच रा." मला नवरा तर हवा होता, पूल तेवढा नको होता.

आईला स्टेशनवर भेटायला निघाले त्या दिवशी सासूबाई रिकामी टोपली घेऊन सोबत आल्या. "पान्याकडं बगू नको, माज्याशी बोलत चल," म्हणाल्या आणि गावच्या सगळ्या भानगडी सांगू लागल्या. कोणाची सून कोणाबरोबर पळाली हे ऐकण्यात अर्धा पूल सरला. तेवढ्यात मागून गाडी आली. कठड्यात शिरताच सासूबाईंनी टोपली दोघींच्या डोक्यांवर उपडी धरली. गाडीतून खाडीला नारळ वाहणाऱ्या प्रवाशांचा नेम गावाला चांगला ठाऊक होता. आणि खरंच, टोपलीवर दणकन एक नारळ आदळला, हळदकुंकू लावलेला. सासूबाईंनी तो उचलून टोपलीत टाकला.

त्याच गाडीने आलेली आई फलाटावर उभी होती. मला पाहून तिचे डोळे भरले. "आत्ताच खाडीला नारळ सोडला बाय, तू सुखरूप पूल उतरावीस म्हणून."

सासूबाईंनी टोपली पुढे केली. "पोचला, विहीनबाई. पुडल्या येळी जरा बगून सोडा, पोर खालीच हाय."

आईचा आ वासलेला. मी पोट धरून हसले. हसता हसता ध्यानात आलं की आपण पूल चालून आलोय आणि पाय कापत नाहीत. फार बरं वाटलं.

सासूबाई बाजाराकडे वळल्यावर आईने हळूच विचारलं, "मग, आता जायचं नाय ना परत?"

"भाऊबीज झाली की घरी जाईन," मी म्हणाले.

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या हातातली पिशवी घेत म्हणाली, "बरं. सोडायला मी येते. तुज्या घरापरेंत."