शंभरात पाच ते पन्नास

भाऊ बोईसरजवळच्या सरावलीच्या घरातून निघाला तेव्हा आईने त्याला भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली होती. वापीला नवी नोकरी लागल्याचं तो म्हणाला होता. आधी फोन यायचे, मग कमी झाले, मग त्याचा नंबर बंदच लागायला लागला. मी वापीला जाऊन आले. त्याने सांगितलेल्या कारखान्यात त्याला कोणी ओळखत नव्हतं. पोलिसांत तक्रार दिली. त्यानंतर घरात मी आणि आई, दोघीच.

मी पालघरला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. शक्याशक्यतेचा हिशेब हाच माझा विषय, त्यामुळे आई मलाच विचारायची, ‘‘येल का गो तो?’’

‘‘पन्नास टक्के,’’ मी म्हणायचे. तेवढ्यावर ती कामाला लागायची.

वर्गात मात्र मी मुलांना याच पन्नास टक्क्यांपासून सावध करायचे. नाणं उडवलं तर छाप पडण्याची शक्यता पन्नास टक्के, कारण नाणं आपल्या ओळखीचं असतं. पण ज्यांचं नावही ऐकलं नाही अशा दोन गावांचा कबड्डीचा सामना असेल आणि कोण जिंकेल विचारल्यावर तुम्ही पन्नास टक्के म्हणालात, तर ते ज्ञान नाही. ते नुसतं ‘माहीत नाही’ आहे, चांगले कपडे घातलेलं. अशा वेळी एक आकडा न सांगता पल्ला सांगावा, कमीत कमी इतकं आणि जास्तीत जास्त इतकं. अंतर जेवढं मोठं, तेवढं आपलं अज्ञान मोठं.

आणखी एक गोष्ट शिकवायचे. आपल्या समजुती एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. पाऊस येणार म्हणूनही पैज लावायची, येणार नाही म्हणूनही लावायची, आणि जिंकून मिळेल त्यापेक्षा जास्त पैसे दोन्हींत घालून काहीही झालं तरी हरायचं, असं शहाण्या माणसाने करू नये. आमच्या घरात नेमकं तेच चाललं होतं. आई म्हणायची तो येणार, आणि त्याचे शर्ट तिने शेजारच्या कामगारांना देऊन टाकले होते. मी नातेवाइकांना सांगायचे की तो आता येत नाही, आणि बोईसरला उतरले की पुलावर थांबून माणसांचे चेहरे बघत राहायचे.

मग आमची इमारत धोकादायक ठरली. मालकाने सगळ्यांना घरं रिकामी करायला सांगितली. मला उमरोळीत दोन खोल्या मिळाल्या, कॉलेजला जवळ, मागे थोडी मोकळी जागा. आई हलेना.

‘‘आमी गेलो नि तो आला, त काय करल?’’

‘‘आई, इमारतच राहणार नाही.’’

‘‘मंग सांग मना, किती हाय येयाचा? तू हेच शिकवते ना? नीट सांग.’’

त्या दिवशी मला पन्नास म्हणवेना. मी म्हटलं, ‘‘शंभरात पाच ते पन्नास. याच्या आत कुठेतरी.’’

‘‘म्हंजे तुला ठावं नाय.’’

‘‘नाही.’’

‘‘मना बी नाय,’’ ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी एकत्र रडलो.

नंतर आम्ही शांतपणे बोललो. पाच असो की पन्नास, दोन्हींत चालेल असं काय करता येईल? समोरच्या रस्त्यावर एक किराणा दुकान होतं, ते कुठे जाणार नव्हतं. तो आला तर आम्हाला कळव, असं आई स्वतः जाऊन दुकानदाराला सांगून आली, मी त्याला माझा नंबर दिला, आणि आम्ही उमरोळीला गेलो. तिथे तिने मागच्या जागेत वांगी लावली. एक वर्ष बरं गेलं. पुढच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

एकटीच्या घरात शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की सोमवारपर्यंत कोणाशी शब्द बोलायचं कारण पडत नाही. सोमवारी हजेरी घेताना पहिल्या दोन-तीन नावांना आवाज घोगरा येतो. मुलांना वाटतं मॅडमना सर्दी झाली.

गेल्या हिवाळ्यात दुकानदाराचा फोन आला. ‘‘मैडम, कोई आदमी आया था. पूछ रहा था, सामने वाली माताजी कहाँ गईं.’’

मी अर्धा दिवस रजा टाकून बोईसर गाठलं. मोबाइलमधला भावाचा फोटो दुकानदारासमोर धरला. त्याने चष्मा चढवून बराच वेळ पाहिला.

‘‘हो सकता है. दाढ़ी थी. दाढ़ी में पहचान नहीं आता.’’

‘‘आपने क्या बताया?’’

‘‘बोला कि माताजी नहीं रहीं, आपने फोन पर बताया था न.’’

‘‘फिर?’’

‘‘थोड़ी देर खड़ा रहा. मैं ग्राहक देखने लगा, इतने में चला गया. नंबर दे ही नहीं पाया.’’ त्याला खरोखर वाईट वाटत होतं. मला पाणी दिलं, स्टूल पुढे केलं.

माहिती वाढली की संशय आटतो, असं लोकांना वाटतं. कधीकधी उलटं होतं, आणि हेही मी वर्गात फळ्यावर सिद्ध करून दाखवलेलं आहे. तो भाऊ असेल तर तो जिवंत आहे, इथवर आला होता. पण तोच असेल तर ज्या माणसासाठी आला ते माणूस नाही, हे ऐकून परत गेला आहे. आणि तो नसेलच, जुना एखादा भाडेकरू असेल, तर काहीच घडलेलं नाही. माझा पल्ला दोन्ही टोकांनी ताणला गेला. आता मी शंभरात एक म्हणेन आणि नव्वदही म्हणेन, आणि कोणी खोटं ठरवू शकणार नाही.

दुकानदाराकडे आता उमरोळीचा पत्ताही लिहून ठेवला होता, आणि पुढचे काही रविवार मी घरातच राहिले. कोणी आलं नाही. अजूनही आलेलं नाही. एका सकाळी शेजारची वाडीवाली काकू कुंपणापाशी थांबली. ‘‘रविवारची कुठं जात नाय तू हल्ली. कोण येयाचं हाय का?’’

‘‘माहीत नाही, काकू.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली, आणि शेवग्याच्या चार शेंगा कुंपणावरून माझ्या हातात दिल्या. ‘‘डाळीत टाक. एकटीला पुरून उरतील.’’