भास्करराव मनमिळाऊ नव्हते

भास्करराव टेकाळे गेल्याची बातमी मला ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली, त्याच ग्रुपमधून त्यांना दोन वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं. लखनऊतल्या आमच्या मराठी मंडळाचा ग्रुप. बँकेत काउंटरपुढे गर्दी होती, फोन टेबलावर थरथरला. दिवा, फूल, आणि खाली मजकूर : 'आपल्या मंडळाचे ज्येष्ठ व मनमिळाऊ सदस्य...' त्याखाली भराभर जोडलेल्या हातांची रांग लागली. मला आधी रडू आलं नाही, राग आला. काही आठवडे झाले, तो अजून उतरलेला नाही. उतरायच्या आत लिहून टाकते.

कारण भास्करराव मनमिळाऊ नव्हते. रेल्वेत सिग्नलचे इंजिनियर होते, नोकरी इथल्याच आलमबागच्या रेल्वे क्वार्टरमध्ये काढली, आणि बरोबरीचे लोक निवृत्तीनंतर पुण्याला फ्लॅट शोधत असताना यांनी लखनऊच्याच महानगर नावाच्या भागात जुनं दुमजली घर घेतलं. चहा पांचट झाला तर यजमानीणबाईंना तोंडावर सांगायचे. माझी त्यांची ओळख मंडळाच्या गणपतीत झाली. मी नुकती बदलून आले होते, कार्यवाहांनी माझं नाव, शिक्षण, बँक असं सगळं माइकवर सांगून झालं होतं. तरी एका काकूंनी गाठलंच. आधी आडनाव पुन्हा विचारलं, मग गाव, मग हळूच, "नाही, पण मूळच्या कुठल्या?" हा प्रश्न मी लहानपणापासून ओळखते. माझे वडील हिंगोलीकडे वीटभट्टीवर होते, आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणालाही मान वर करून सांगते. पण त्या दिवशी गाव नवं होतं, हातात प्रसादाची वाटी होती... मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "मूळच्या त्या बी.ए. आहेत. राज्यशास्त्र. आत्ताच सांगितलं ना माइकवर? तुम्ही मूळच्या कोण?" काकू मोदकांकडे वळल्या. मी वळून पाहिलं, तर एक उंच, वाळका, आठ्या पडलेला माणूस मलाच दटावत होता, "आणि तू गं, पदवी मिळवलीस ना? मग वाटीत काय बघतेस?"

आमच्या मंडळाचं एक लाडकं वाक्य आहे, 'आपण इथे पाहुणे आहोत.' मांडवाची परवानगी ऐन वेळी नाकारली? जाऊ द्या, पाहुणे आहोत. शेजारी कुणावर अन्याय झाला? आपण कशाला पडा, पाहुणे आहोत. बँकांतले, सरकारी कचेऱ्यांतले, चांगले शिकलेले लोक हे म्हणतात, आणि म्हणताना त्यांना आपण फार शहाणे आहोत असं वाटतं. भास्कररावांचं डोकंच फिरायचं. "कुणाचा पाहुणा? कुणाच्या ताटात जेवतो मी? इथे मत देतो, इथे टॅक्स भरतो. कलम एकोणीस उघडून बघा, भारतात कुठेही राहावं, कुठेही वसावं. मला लखनऊत आहे तोच हक्क इथल्या माणसाला मुंबईत आहे. तुम्ही तिकडे गेलात की भैयांच्या नावाने बोटं मोडता आणि इकडे आलात की त्याच भैयाच्या दारात पाहुणे होऊन बसता. एक काहीतरी ठरवा की!" लोक हसण्यावारी न्यायचे. "टेकाळ्यांचं सुरू झालं," म्हणायचे.

त्यांच्या माडीवर नदीम भाड्याने राहायचा, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा, बायको शाळेत. फाटकावर भास्कररावांच्या पाटीशेजारी त्याची छोटी पाटी होती. रविवारी त्याचे विद्यार्थी अभ्यासाला यायचे, जिन्यावर चपलांचा ढीग पडायचा. कॉलनीला तो ढीग खुपू लागला. कुणीतरी तक्रार केली की इथे संशयास्पद लोक जमतात. पोरं पानांच्या शिरा बघायला जमायची, पण विचारायला कुणी वर गेलं नाही. मग एका रविवारी दोन पोलीस आले आणि "बस, पूछताछ है" म्हणून नदीमला घेऊन गेले. भास्कररावांनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि मला फोन केला, "संगीता, सुट्टी आहे ना? चल. साक्षीला माणूस लागेल."

ठाण्यातला तो संवाद माझ्या कानात जसाच्या तसा आहे. "इनको गिरफ़्तार किया है?" भास्कररावांनी विचारलं.

"अरे नहीं अंकल, बस पूछताछ."

"अच्छा. तो मैं इनको घर ले जा रहा हूँ."

"अभी कैसे ले जाएँगे?"

"मतलब गिरफ़्तार किया है. तो कारण बताइए, लिखकर दीजिए, और वकील को बुलाने दीजिए."

"आप इनके लगते कौन हैं?"

"मकान मालिक."

यावर ठाणं खदखदून हसलं. "मकान मालिक ये सब कब से करने लगे?"

भास्करराव हसले नाहीत, चिडलेही नाहीत. बाकावर बसले. नवा माणूस आत आला की उठायचे आणि पुन्हा तेच : अटक केली आहे का? नाही? मग नेतो. आहे? मग कारण लिहून द्या. दुपार गेली. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. नदीम कोपऱ्यात उभा, नजर जमिनीवर. ऊन उतरल्यावर कुणीतरी वैतागून म्हणालं, "ले जाइए यार, दिमाग़ खा गए!" बाहेर आल्यावर नदीम आभार मानू लागला, तर हे म्हणतात, "एहसान-वेहसान मत मानना. किराया पूरा लूँगा."

पोलिसांनी त्यांना त्या दिवसानंतर काही त्रास दिला नाही. त्रास आपल्या लोकांनी दिला. कार्यवाह घरी आले, "तुमचं बरोबर आहे हो, पण उद्या मंडळाचं नाव आलं तर? शेवटी आपण पाहुणे..." त्या वर्षी गणपतीच्या पत्रिकेत भास्कररावांचं नाव नव्हतं. मग ग्रुपमधून गेलं. कुणी भांडलं नाही, कुणी एक शब्द वाईट बोललं नाही. आमच्यात माणसाला असं सभ्यपणे पुसतात.

ठाण्यातून आल्यावर नदीमने स्वतःच आपली पाटी उतरवली होती. मग एक दिवस फाटकावर नवी स्टीलची पाटी लागली, एकाच पत्र्यावर दोन नावं, सारख्याच आकाराची अक्षरं. मी विचारलं तर भास्करराव म्हणाले, "रुळाचा काटा एकीकडे आणि सिग्नल दुसरीकडे दाखवतोय, असं चालत नाही. म्हणून दोघांना एकमेकांत अडकवतात. एकट्याला हलवताच येत नाही. आम्ही याला इंटरलॉकिंग म्हणतो."

ते गेल्यावर कार्यवाहांचा मला फोन आला. शोकसभा आहे, तुम्ही छान बोलता, पाच मिनिटं बोला. "फक्त ते ठाण्याचं काही नको, बरं का."

"मग काय सांगू?"

"त्यांचा स्वभाव सांगा ना..."

मी म्हटलं, तोच सांगायचा आहे, आणि फोन ठेवला. सभेला गेले नाही. मनमिळाऊ हा शब्द तिथे चौघांनी वापरला असं ऐकलं. जिवंतपणी ज्याला दाराबाहेर ठेवलं, त्याला मेल्यावर गोड करून आत घेतलं. त्यांना काढून टाकण्यापेक्षाही हे मला जास्त वाईट वाटतं.

मागच्या रविवारी त्यांच्या घरी गेले. मुलगी मेघा बंगळूरहून आलेली आहे. जन्म लखनऊचा, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. आम्ही ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात कॉलनीचे सेक्रेटरी स्कूटर लावून आत आले. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाले, "बिटिया, भाईसाहब तो अब रहे नहीं. गेट से ऊपर वालों का नाम हटवा दो. अच्छा नहीं लगता. बाक़ी धीरे-धीरे ख़ाली भी करवा लेना."

मेघा उठली, आत गेली आणि वडिलांचा स्क्रू काढायचा पेचकस घेऊन आली. सेक्रेटरींच्या हातात दिला.

"आप ही हटा दीजिए, अंकल. पर प्लेट एक ही है, पापा का नाम भी साथ में उतरेगा. फिर कॉलनी की मीटिंग में बता दीजिएगा कि टेकाळे साहब का नाम आपने उतारा."

सेक्रेटरींनी पेचकस दोनदा उलटासुलटा केला आणि कठड्यावर ठेवला. "बिटिया, तुम भी..."

"हाँ," मेघा म्हणाली. "मैं भी."

स्कूटर गेली. मी विचारलं, "माडीचं काय करणार आहेस?" ती म्हणाली, "करना क्या है मौसी? वो रहते हैं वहाँ." जिन्यावर चपलांचा ढीग होता. वरून कुणीतरी पानाचं लॅटिन नाव चुकीचं सांगितलं असावं, नदीम हसत होता.

निघताना मी पाटी पाहिली. भास्करराव टेकाळे. खाली नदीम अहमद. पेचकस मेघाने आता फाटकाच्या आतल्या खिळ्याला टांगून ठेवला आहे, ज्याला हवा त्याने घ्यावा. पण या दोघांतलं एकच नाव ज्याला काढायचं असेल त्याला तो पुरणार नाही. त्याने करवत घेऊन यावं, आणि भर दुपारी, रस्त्यावर उभं राहून, सगळ्यांच्या देखत कापावं.