कटल्याचं डोकं आणि शालनमावशी

कळंब्याच्या तळ्यावर गळ टाकून बसणारी माणसं कुजबुजत बोलतात. आवाजाने मासा बुजतो, अशी आमची समजूत. शालनमावशी मात्र पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या. मी पहिल्यांदा नवा कोरा रॉड घेऊन तिथे गेलो, तेव्हा त्या फोनवर कुणाला तरी ‘साडी शनिवारी मिळणार न्हाय’ म्हणून झापत होत्या. मी म्हणालो, “मावशी, जरा हळू. मासा पळेल.” फोन न ठेवताच त्या वळल्या. “ओ पावणं, मासा काय कानानं खातोय व्हय? तुमच्या गळाला कणीक हाय का बघा आदी.”

बघितलं, तर खरंच नव्हती.

कोल्हापुरात राजारामपुरीत त्यांचं फॉल-पिकोचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखाली एक मशीन मावेल एवढी जागा. माहेर नेसरीकडचं, तिथे भावांच्या मागे लागून त्या गळ टाकायला शिकल्या. लग्नानंतर ते सुटलं. पुढे नवरा वारला, मुलगी सासरी गेली आणि एका रविवारी मावशी दुकान बंद ठेवून तळ्यावर येऊन बसल्या. “आता इचारायचं कुणाला?” असं त्या हसून सांगत. रॉडबिड त्यांना लागायचा नाही. नायलॉनची तंगूस, म्हणजे गळाची दोरी, नुसती बोटावर घ्यायची आणि बसायचं.

आमची रविवारची टोळी दुपारी तळ्याला लागून असलेल्या दत्तूआप्पांच्या मळ्यात जमायची. आप्पा आमच्यात थोरले. तिथे चूल पेटायची आणि सगळ्यांचे मासे एकाच पातेल्यात पडायचे. रश्शाला कांदा-लसूण चटणी मावशींच्या घरची. रिवाज एकच होता: ज्याचा मासा सगळ्यात मोठा, त्याच्या ताटात डोकं. बक्षीस एवढंच, पण ते मिळालेला गडी आठवडाभर छाती काढून फिरायचा.

एकदा मावशींच्या गळाला कटला मासा लागला. एवढा मोठा आम्ही कुणी त्या तळ्यातून काढला नव्हता. पदर चिखलात गेला, तंगुशीने बोट कापलं, तरी मदतीला धावलेल्याला त्यांनी “हात लावशील तर बघ!” म्हणून जागीच थांबवलं. मग मळ्यात पंगत बसली. आप्पांनी पातेल्यातून डोकं वर काढलं आणि सरळ स्वतःच्या ताटात घेतलं. “डोकं वडीलधाऱ्याचं असतंय,” ते म्हणाले. हा नियम आम्ही त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला. पण बोलणार कोण? आम्ही खाली बघून भाकरी कुस्करायला लागलो.

मावशीही काही बोलल्या नाहीत. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई गप्प बसली की फार वाईट वाटतं.

पुढच्या रविवारी त्या आल्या, मासे धरले, पातेल्यात दिले. चटणी मात्र आणली नव्हती. “इसरलीस व्हय?” आप्पांनी विचारलं.

“इसरलो न्हाय,” मावशी म्हणाल्या. “चटणी वडीलधाऱ्याची असतीया.”

कुणीतरी पळत जाऊन विकतची पुडी आणली. तसला रस्सा कोल्हापूरच्या माणसाने गिळायचा म्हणजे शिक्षाच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच झालं, तेव्हा आप्पांनी पहिल्याच घासाला हात थांबवला. “शालन, चुकलं माझं. चटणी आण की बाई.”

“चुकलं ते चटणीपायी म्हणताय का डोक्यापायी?”

आप्पांनी थोडा विचार केला. “दोन्हीपायी,” ते म्हणाले. माणूस खोटं बोलणारा नव्हता.

त्यानंतर डोकं मावशींच्या ताटात बऱ्याचदा पडलं. एकेक हाड चोखून, कुणाशी न बोलता त्या ते खायच्या. जेवताना गप्प असायच्या त्या तेवढ्या वेळेपुरत्याच.

मग त्यांची किडनी बिघडली. रिक्षाने येऊ लागल्या. बोटांत जोर राहिला नाही, तंगूस सुटून जायची. अशाच एका रविवारी सगळ्यात मोठा मासा आप्पांच्या गळाला लागला. आप्पांनी डोकं उचलून मावशींच्या ताटात ठेवलं. आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. मावशींनी ते उचलून परत आप्पांच्या ताटात ठेवलं.

“म्या न्हाय धरला ह्यो मासा,” त्या म्हणाल्या. “कीव नगं, आप्पा. हक्काचं आसंल तर द्या.” आणि शेपटीकडचा तुकडा घेऊन त्या जेवल्या.

मावशी त्यानंतर तळ्यावर आल्या नाहीत. मुलीच्या घरीच त्या वारल्या.

दिवसकार्य उरकल्यावर आम्ही पुन्हा मळ्यात जमलो. त्या दिवशी सगळ्यात मोठा मासा माझा होता, आयुष्यात पहिल्यांदाच. आप्पांनी डोकं माझ्या ताटात वाढलं. “आज ते मावशींच्या नावानं बाजूला ठिवूया,” कुणीतरी म्हणालं. माझ्याही मनात तेच होतं. पण मासा मी धरला होता. सगळ्यांच्या देखत, एकेक हाड चोखून, मी ते डोकं खाल्लं.