बिजली कुणापुढं थांबते?

हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा, नाहीतर सांडेल. माणसानं आपल्याच जिभेनं आपली फजिती कशी करून घ्यावी, हे मी मुखेडच्या भर रस्त्यात दाखवून आलोय. आणि बघायला अख्खी वरात होती!

झालं असं. आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, एक घोडी होती. बिजली. कंधारजवळच्या आमच्या गावात घरोघरी मोटारसायकली आल्या, तरी अण्णा शेताला, बाजाराला, सोयरिकीला बिजलीवरच. गेल्या वर्षी अण्णा गेले. मी लातूरला कापडाचं दुकान चालवतो, गावात आई एकटी. वैरण, पाणी, खरारा तिच्याच्यानं किती दिवस होणार? घोडी विकायची ठरली.

आता बिजलीची एक खोड होती, ती आधी ऐका. अण्णांचा नियम असा, की वाटेत वडीलधारं माणूस दिसलं की लगाम ओढायचा. रामराम, जय भीम, सलाम, ज्याचं जे असेल ते घालायचं. समोरून उत्तर आलं की मगच पुढं. वर्षानुवर्षं हेच चाललं. शेवटी लगाम ओढायचीही गरज उरली नाही. म्हातारं माणूस दिसलं की बिजली आपणहून उभी! दोन्हीकडून रामराम झाल्याशिवाय जागची हलायची नाही. नाव बिजली आणि चालीत लोडशेडिंग!

मी सुट्टीला गावी आलो की अण्णा तिला घेऊन स्टँडवर यायचे. घर हाकेच्या अंतरावर. पण वाटेत पार, पारावर म्हातारे, आणि प्रत्येकाला वेगळा रामराम. तेव्हा लई वैताग यायचा. आता तो रस्ता सारखा आठवतो. पुन्हा तसाच उशीर व्हावा असं वाटतं.

असो. गिऱ्हाईक आलं मुखेडहून. माधवराव. लग्नाच्या वरातीला घोडी देणारा माणूस. त्यांनी दात बघितले, अंगावरचे भोवरे बघितले, फिरवून बघितली.

"मालक, समदं झ्याक हाय. पन मी आठ दिवस ठिवून बघतो. वरातीत चालली तर पैसे, न्हाई तर घोडी परत."

आईनं मला आत बोलावलं. "न्हाई म्हन. लेक देताना आठ दिवस ठिवून बघा म्हनतेत का कोनी? आन तिची खोड हाय ती तोंडावर सांग, मोकळा हो."

पण मी पडलो दुकानदार! आमच्याकडं गिऱ्हाईक साडी नेतं, नेसतं, लग्नात मिरवतं आणि 'रंग आवडला नाही' म्हणून परत आणतं. तीही मी हसत घेतो. मला ट्रायलची काय भीती? उलट खोड सांगितली, तर वरातीला हे जनावर काय कामाचं, हे शेंबडं पोरही विचारेल. म्हणून मी बाहेर आलो आणि छाती काढून म्हणालो, "आठ दिवस काय, पंधरा दिवस ठेवा! एक खोड काढून दाखवा, घोडी फुकट!"

आईनं कपाळावर हात मारला. "अरे, फुकटच्या जनावराला कोनी नीट वैरण घालत न्हाई. तुझ्या अण्णाची घोडी हाय ती!"

हे मात्र काळजात घुसलं. पण तोवर बिजली टेम्पोत चढली होती.

रविवारी माधवरावांचा निरोप आला, "वरात हाय, तुमच्या देखत चालवू." आता रविवार म्हणजे माझा केसांना कलप लावायचा दिवस. पंचावन्न हे काय म्हातारपण आहे का हो? काळेभोर केस, चट्ट्यापट्ट्याचा टी-शर्ट, असा मी मुखेडला हजर झालो.

वरात निघाली. बँड जोरात, नवरदेव खुशीत. चार पावलं टाकली आणि बिजली उभी! समोर फेटा बांधलेले एक आजोबा. नवरदेवानं टाच मारली, माधवरावांनी ओढली, दोघांनी मागून रेटली. छे! बँडवाल्यांचं एकच गाणं तिसऱ्यांदा सुरू झालं. मांडवातून माणूस पळत आला, "मुहूर्त टळून राहिला ना!"

माधवराव माझ्याकडं वळले. "मालक, ही खोड न्हाई तर काय हाय?"

माझ्या डोळ्यांपुढं आई उभी राहिली. आणि जीभ सुटली!

"खोड? अहो, वळण आहे हे! आमची घोडी वडीलधाऱ्यांचा मान ठेवते. नवरदेवाला रामराम घालायला सांगा, लगेच चालते की नाही बघा. तरण्याताठ्या माणसापुढं थांबली, तर खोड म्हणा आणि फुकट घेऊन जा!"

बघा, एकदा तोंड पोळलं तरी शहाणपण आलं का? परत फुकट!

नवरदेवानं घोडीवरून हात जोडले. "रामराम, आजोबा." आजोबा मघापासून रुसल्यासारखे उभे होते, ते एकदम खुलले. "रामराम, बाळा, रामराम!" बिजली निघाली. पुढं दुसरे आजोबा, मग एक आजीबाई. नवरदेव रामराम घालत सुटला. मुलीचे मामा तर भारावूनच गेले, "काय पोरगं हाय! दिवा घिऊन धुंडलं तरी असा जावई गावायचा न्हाई!"

माधवरावही हरखले. "मालक, ही तर लई कामाची निघाली. सौदा पक्का धरा."

सुटलो! मी केसांवरून हात फिरवला आणि ऐटीत वरातीच्या पुढं चालू लागलो. मांडव समोरच होता. तेवढ्यात मागचा टापांचा आवाज बंद झाला.

वळून बघतो तर बिजली उभी. कान टवकारून. माझ्यापुढं!

माधवरावांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळी नाचणारी पोरं. "मालक, इथं तर म्हातारं कोनी न्हाई. मंग ही कोनापुढं थांबली?"

"चल ना गं बाई," मी हळूच म्हणालो. ढिम्म! इतक्या वर्षांत माझ्यापुढं कधी थांबली नव्हती ती. आता सांगा, मी काय करावं? गप्प बसलो तर ही खोड, आणि अण्णांची घोडी फुकट जाणार. आणि बोललो तर...

"नवरदेवाला म्हणावं, रामराम घाला."

"कोनाला?"

"मला! म्हातारा मी आहे!"

नेमका त्याच वेळी बँड थांबला होता. अख्ख्या मुखेडनं ऐकलं.

"रामराम, आजोबा!" नवरदेव म्हणाला.

"रामराम, बाळा, रामराम," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, तो आवाज माझा नव्हता. थेट अण्णांचा, तसाच लांबवलेला. बिजलीनं मान हलवली आणि पुढं निघाली. मी तिच्या पाठीकडं बघत राहिलो. डोळे भरून आले होते.

सौदा झाला, पुऱ्या किमतीत. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. पदर तोंडाला लावून ती हसली, हसता हसता रडली, आणि म्हणाली, "घोडी पारखायला त्या मानसाला आठ दिवस पायजे व्हते. घोडीनं तुला एका नजरेत पारखलं!"

कलपाची अर्धी डबी तशीच पडून आहे. कुणाला हवी असेल तर न्या. आठ दिवस लावून बघा. खोड निघाली तर फुकट!