जयूच्या गुणांतला फरक

विनोदिनी पागे गणित शिकवायच्या. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी साताऱ्याहून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. बाईंचं शिक्षण, नोकरी सगळं इथंच. शहाण्णव साली शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो चालवणार कोण, म्हणून बाकीचे मास्तर मागे सरले. बाईंनी उन्हाळ्याची सुट्टी फ्रीगंज भागातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, कॉलेजच्या पोरांशेजारी बसून काढली. जुलैत कॉम्प्युटरच्या एसी लावलेल्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे आली. चपला बाहेर काढूनच आत जायचं, असा तिथला नियम होता.

तोवर प्रत्येक मास्तराचे गुण त्याच्या रजिस्टरातच राहायचे. बाईंनी नववीचे सगळे विषय, सगळ्या परीक्षा एका तक्त्यात आणल्या. मूल कुठं चढतंय, कुठं घसरतंय, हे पालकांना दाखवता यावं, एवढाच त्यांचा हेतू होता. प्राचार्य भय्यासाहेब फणसे यांना त्यात वेगळाच उपयोग दिसला.

"महिन्याच्या टेस्टमध्ये कमी आणि सहामाहीत एकदम जास्त गुण, असे किती आहेत ते काढा," ते म्हणाले. "पेपरात नकल करणारे आपोआप हाती लागतील."

प्रिंटर करकरला. कागदावर एकच नाव उमटलं, जयश्री दिघे. टेस्टमध्ये पस्तिशीच्या आतबाहेर, सहामाहीत सत्तरीच्या वर.

"जयू?" बाई म्हणाल्या. "ती तशी मुलगी नाही, सर."

"शेजारणीच्या वहीत डोकावते, अशी तक्रार आहेच. आणि मशीन थोडीच कुणाशी वैर धरतं? उद्या वडिलांना बोलवा. टीसी देऊन टाकू."

बाई घरी आल्या, पण जेवण गेलं नाही. नाव आपण भरलं, आकडे आपण भरले, कागदही आपणच काढून दिला, हेच डोक्यात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी जयूचे वडील श्रीकांत दिघे, बँकेतले कारकून, ऑफिसात येऊन बसले. जयू भिंतीला टेकून उभी.

"नकल केलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग हे काय आहे? चार लोकांत मान खाली घालायला लावलीस."

भय्यासाहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "दिघेसाहेब, टीसीसाठी तुम्हीच अर्ज द्या, म्हणजे बोभाटा होणार नाही."

दिघ्यांनी पेनाचं टोपण काढलं.

शेजारी उभ्या बाईंची नजर कागदावरच्या आकड्यांवर खिळली होती. सगळ्या विषयांत तीच गत. आणि नकल करायचीच तर पोरगी टेस्टमध्ये करेल. तिथं कोण बघतं? सहामाहीला तर वर्गात दोन-दोन मास्तर फिरत असतात. मग फरक कशाचा? सहामाहीचा पेपर छापलेला असतो. टेस्टचे प्रश्न आपण फळ्यावर लिहितो.

"सर, थोडं थांबा. जयू, माझ्याबरोबर ये."

शेजारचा वर्ग खेळाच्या तासाला गेलेला होता. बाईंनी जयूला तिच्या नेहमीच्या, शेवटच्या बाकावर बसवलं आणि फळ्यावर एक गणित लिहिलं.

"वाच."

जयू बघत राहिली. "आठ... नाही, तीन..." तिनं डोळे बारीक केले.

"किती दिवसांपासून दिसत नाही?"

"बोर्ड तर गेल्या वर्षापासनंच नाही दिसत, मॅडम. मी शेजारणीचं बघून प्रश्न उतरवते." तिचा आवाज खाली गेला. "उजव्या डोळ्यापुढं काळं काळं उडायचं. परवापासून एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं झालंय."

"घरी का नाही सांगितलंस?"

"ताईचं लग्न चष्म्यावरून मोडलं. आई म्हणाली, तुला तरी लागायला नको."

दारात दिघे उभे होते. पेन अजून त्यांच्या हातातच होतं.

पडदा हा शब्द ऐकल्यावर बाई थांबल्या नाहीत. त्यांनी रिक्षा बोलावली. फ्रीगंजच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ डोळ्यात बत्ती धरली आणि जयूला बाहेर बसायला सांगितलं.

"डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय. आजच इंदूरला न्या."

"आज?" दिघे म्हणाले. "सुट्टी टाकावी लागेल, घरी विचारून..."

"उद्यापर्यंत उरलेलाही सुटला तर मग विचारून काय करणार?"

दिघे बाकावर बसले. "मी लिहून द्यायला निघालो होतो, मॅडम," एवढंच ते बोलले.

"ते नंतर. आधी उठा."

देवास गेटच्या स्टँडवर इंदूरची बस उभीच होती. डॉक्टरांनी धक्का लागू देऊ नका म्हणून बजावलं होतं आणि रस्ता सगळा खड्ड्यांचा. बाईंनी जयूचं डोकं मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"मॅडम, पडदा वाढतोय," वाटेतलं सांवेर गाव मागे पडल्यावर जयू म्हणाली.

बाईंनी ते दिघ्यांना कळू दिलं नाही. "डोळे मिटून घे," म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी जयूला भरती करून घेतलं, सकाळी ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याला पुढं धूसरच दिसत राहिलं; तो पूर्वीसारखा झाला नाही. डाव्यातही पडदा विरत चालला होता, तो मात्र वेळेवर लेसरचा शेक देऊन वाचवला. अजून आठवडा गेला असता तर तोही धोक्यात होता, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

जयू जाड चष्मा लावून पहिल्या बाकावर बसली आणि पुढच्या वर्षी दहावी झाली. आईनं चष्म्याबद्दल काही विचारलं नाही. दिघे बाईंना बाजारात भेटले की नमस्कार करत, पण त्या दिवसाचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

भय्यासाहेबांना यादी पुढच्या सत्रातही हवी होती. बाईंनी नकार दिला नाही.

"यादी देते," त्या म्हणाल्या. "पण आधी त्या मुलांशी मी बोलणार. तोवर कुणाच्या घरी निरोप जायचा नाही."

भय्यासाहेबांना ते रुचलं नाही. "प्राचार्य मी आहे, विनोदिनीबाई."

"मग कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली तुम्हीच ठेवा, सर."

त्यांनी ती टेबलावर ठेवली. मशीन चालवणारं शाळेत दुसरं कुणी नव्हतं; भय्यासाहेबांनी ती बाईंकडे परत सरकवली.