आमच्या क्लबचा ओव्हरसीज प्लेअर

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे ते साठतात. आज सगळ्या टाकूनच देऊ म्हणून खण उघडावा, आणि एकेक काढून बघत बसावं! सौदीतल्या ह्या राबिघमध्ये एका बाजूला रिफायनरी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे आम्ही. तरी माझा खण गच्च भरलाय, आणि त्यातला निम्मा माल आमच्या क्रिकेट क्लबचा आहे.

हेमंत, म्हणजे माझा नवरा, क्लबचा कॅप्टन. नोकरीनं प्रोसेस इंजिनीअर, मूळचा नाशिकचा. मी स्कोअरर. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाआधी मॅच संपवायची असते, त्यामुळे उजाडताच मैदानावर हजर व्हायचं. "घरी एकटी बसून तरी काय करणार?" असं म्हणून हेमंतनं माझ्या हातात पेन्सिल दिली, ती आजतागायत सुटलेली नाही.

मग जेद्दाच्या क्लबांनी हंगामापुरते बाहेरून खेळाडू आणायला सुरुवात केली. झालं! आमच्या लोकांनाही चेव आला. "आपल्याला पण एक ओव्हरसीज प्लेअर पाहिजे!"

मी म्हटलं, "अरे, इथं अख्खी टीमच ओव्हरसीज आहे की!"

कुणी हसलं नाही. आणलेल्या माणसाची राहायची-जेवायची सोय कॅप्टनच्या घरी करायची, हे मात्र एकमतानं ठरलं.

*

पहिला आला तो श्रीलंकेचा. ओपनिंग बॅट्समन, अंगानं आडवातिडवा, स्वभावानं गाय. हिंदी शून्य. हेमंतचा असा ठाम समज की मोठ्यानं आणि सावकाश बोललं की कुठलीही भाषा कुणालाही कळते! त्या बिचाऱ्याला पूर्ण हंगामात दोनच मराठी शब्द आले. धावा काढताना ऐकलेले. "पळ" आणि "थांब".

मी चौथी पोळी वाढायला गेले की तो ताटावर हात आडवा धरायचा आणि अदबीनं म्हणायचा, "थांब!"

जाताना जेद्दाच्या विमानतळावर हेमंतला भरून आलं. तो त्याला मिठीतून सोडेचना. विमानाची वेळ होत आलेली. शेवटी त्यानं हेमंतच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, "कॅप्टन, पळ."

आम्ही गाडीत बसेपर्यंत हसत होतो. राबिघच्या फाट्यावर मात्र हेमंतनं गाडी थांबवून उगाचच काच पुसली.

*

पुढच्या खेपेला हेमंत म्हणाला, "आता आपलाच माणूस आणू. निदान भांडता तरी येईल."

असा दत्ता आला. गुहागरकडचा, लेगस्पिनर. तिशी उलटलेली. जिल्ह्याच्या संघात वर्षानुवर्षं बारावा गडी म्हणून पाणी नेलेलं. परदेशातून बोलावणं म्हटल्यावर गावात फटाके वाजले म्हणे. बॅगेत कपडे थोडे आणि कोकमं जास्त.

पहिल्याच दिवशी, हात धुवून ताटावर बसायच्या आधी त्यानं विचारलं, "वहिनी, हंगाम संपतो कधी?"

मला रागच आला. म्हटलं, "अरे, आत्ता तर आलास!"

मग त्यानं सांगितलं. आईला अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली होती, खाटेवरच होती. बायकोला, स्नेहाला, पाचवा महिना. धाकटा भाऊ सुभाष दोघींचं बघत होता. दत्ता निघायला तयार नव्हता, तेव्हा आईनंच त्याला हाकललं होतं. अर्ध्या तोंडानं म्हणाली, "जा तू. तू येस्तवर मी कुठं जात नाय. नातवंड बघितल्याबिगर तर मुळीच नाय."

"आई शब्दाची पक्की हाय," दत्ता म्हणाला आणि कोकमाची पिशवी सोडू लागला.

*

पहिल्या मॅचला त्याला मैदानावर नेलं तो किस्सा तर क्लबात अजून सांगतात. तो गाडीतून उतरला, चारी बाजूंना बघितलं. वाळू, वाळू आणि पलीकडे विजेचे खांब.

"ग्राउंड कुठाय?"

"तू उभा आहेस ते," हेमंत म्हणाला, आणि बुटानं वाळू बाजूला करून त्याला सिमेंटची खेळपट्टी दाखवली. तिच्यावर चटई अंथरायची आणि खेळायचं!

दत्ता वाकला, खेळपट्टीला हात लावून नमस्कार केला. घामेजलेल्या कपाळाला मूठभर वाळू चिकटली. समोरच्या संघाचे कप्तान खानसाहेब, पेशावरकडचे, गोदामाचे मॅनेजर, मोठा दिलदार माणूस. ते म्हणाले, "भाईजान, रेत को भी सलाम?"

दत्ता म्हणाला, "खानसाब, घास को बहुत किया. उसने कुछ दिया नहीं."

त्या दिवशी त्यानं खानसाहेबांचा त्रिफळा उडवला. जाताना खानसाहेब त्याच्या कपाळाकडे बघून म्हणाले, "कल से मैं भी करूंगा!"

*

रोज संध्याकाळी त्याचा घरी व्हिडिओ कॉल. फोन माझ्या मसाल्याच्या डब्याला टेकवायचा आणि शुक्रवारची मॅच आईला करून दाखवायची. नुसती सांगायची नाही, करून दाखवायची! फ्रिजपासून रनअप. एकदा गुगली कशी टाकली हे दाखवताना हातातला कांदा सुटला तो थेट उकळत्या आमटीत! माझ्या गाऊनवर, ओट्यावर, फोनवर, सगळीकडे आमटी.

मी खवळले. "दत्ता! आजपासून स्वयंपाकघरात क्रिकेट बंद!"

तेवढ्यात फोनमधून आवाज आला. मला आधी वाटलं रडतायत. जवळ जाऊन बघते तर आमटीचे शिंतोडे उडालेल्या काचेपलीकडे म्हातारी हसत होती. चेहऱ्याचा एकच भाग हसत होता, दुसरा तसाच. आणि सुभाष मागून ओरडत होता, "दादा, परत टाक! किती दिवसांनी हसली बघ!"

मी दत्ताच्या हातात दुसरा कांदा दिला. माझे डोळे कांद्यानं भरून आले नव्हते, हे सांगायला कशाला पाहिजे.

*

मग शराफियाच्या बाजारातली खरेदी. जेद्दाला गेलं की शराफियाला जायचंच, त्याशिवाय आपल्या माणसाला जेद्दा पाहिल्यासारखं वाटत नाही. दत्तानं बाळासाठी दोन झबली घेतली. मुलगी होणार याची त्याला पक्की खात्री, त्यामुळे दोन्ही गुलाबी. "आणि मुलगा झाला तर?" मी विचारलं. "तर त्याला सवय करायला लागंल!"

मग आईसाठी पुढून बटणांचा मऊ गाऊन. दुकानदार मल्याळी. त्यानं विचारलं, "साइज?"

दत्ता अडकला. म्हणाला, "पहले डबल एक्सएल था."

"अभी?"

दत्तानं दोन्ही हात पुढे करून अंतर दाखवलं. दुकानदारानं मुकाट्यानं स्मॉल काढून ठेवला. दत्तानं तो उचलून बघितला आणि परत दिला.

"मीडियम दो. मैं जाएगा तो थोडा खाएगी, भरेगी."

दुकानदारानं मीडियम बांधला. मी उगाचच शेजारच्या दुकानात बरण्यांचे भाव विचारत बसले.

*

मॅच चालू असताना सगळ्यांचे फोन माझ्याकडे, आवाज बंद करून, हा आमच्या लीगचा नियम. दत्ताचा फोन तेवढा आवाज चालू ठेवून माझ्या मांडीवर. एका मॅचला समोरच्या संघानं तक्रार केली. अंपायर आले, वाद झाला, हेमंतनं हात वर करून भाषण ठोकलं, "ह्याच्या घरी दोन बायका ह्याची वाट बघतायत!"

"दो बीवियाँ?" अंपायर चकितच झाले.

ही गोष्ट फिरत फिरत खानसाहेबांपर्यंत पोचली. पुढच्या शुक्रवारी ते स्वतः माझ्यापाशी आले, खरं काय ते विचारून घेतलं आणि आपल्या पोरांना बजावलं, "दत्ता का फोन बजे, तो जो जहाँ है वहीं खड़ा रहे. गेंद हवा में हो तो भी!"

सगळे हसले. खानसाहेब हसले नाहीत. त्यांच्या अम्मी गेल्या तेव्हा ते इथंच अडकलेले होते, हे मला त्यांच्याच संघातल्या एकानं नंतर सांगितलं.

*

सेमीफायनलच्या आठवड्यात सुभाषचा फोन आला. आईनं जेवण टाकलं होतं, पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागत होतं. स्नेहा ठीक होती, डॉक्टरांनी दिलेली तारीख अजून पुढे होती.

हेमंत, जो फायनलसाठी स्वतःच्या मेव्हण्याच्या लग्नाला गेला नव्हता, तो म्हणाला, "दत्ता, खलास. क्रिकेट गेलं खड्ड्यात. मी तिकीट बदलतो, तू उद्याच निघ."

दत्तानं व्हिडिओ लावला. "आये, मी येतो गं उद्या."

म्हातारीनं डोळे उघडले. बराच वेळ ओठ हलले. मग एकच शब्द आला. "खेळ."

"मॅच झाली की लगेच निघतो," दत्ता म्हणाला. "त्याच दिवशी. थांबशील ना?"

तिनं मान हलवल्यासारखं वाटलं. निदान आम्हा तिघांनाही तसंच वाटलं. हेमंतनं शुक्रवार संध्याकाळचं तिकीट काढलं. मी झबली आणि गाऊन इस्त्री करून बॅगेत सगळ्यात वर ठेवले.

*

सेमीफायनल नेमकी खानसाहेबांच्या संघाशी. आम्ही बऱ्यापैकी धावा केल्या होत्या. दत्ताचं दुसरं षटक चालू होतं, आणि माझ्या मांडीवरचा फोन वाजला. सुभाषचा मेसेज. दोन शब्द.

"सुटका झाली."

मी उडालेच! अगं बाई, आधीच? पण पोरं काय कॅलेंडर बघून येतात! स्कोअरबुक पडलं, पेन्सिल पडली. मी खुर्चीवर उभी राहून बोंबलले, "दत्ताऽऽ! सुटका झाली! सुखरूप सुटली रे स्नेहा!"

दत्ता रनअपच्या टोकाला होता. तो तिथंच वाळूत मटकन बसला. हेमंत धावत गेला. आमचे लोक धावले, मग त्यांचेही. खानसाहेब बॅट टाकून आले, त्याला उठवलं, छातीशी धरलं. "मुबारक हो! अब जाके माँ की गोद में दे देना!" कुणीतरी खजुराचा डबा उघडला. अंपायरनंही दोन खजूर घेतले आणि मग घड्याळ दाखवलं.

"यल्ला, यल्ला! चला, नमाजाच्या आत संपवायचीय!" हेमंत ओरडला. डोळे पुसत ओरडला.

दत्ता चेंडू हातात घेऊन लांबूनच मला म्हणाला, "वहिनी, विचारा ना, काय झालं!"

मी त्याच्या फोनवरून टाइप केलं, "अभिनंदन! मुलगा की मुलगी?"

पुढच्याच चेंडूवर त्यानं खानसाहेबांचा त्रिफळा उडवला! असला लेगब्रेक त्यानं हंगामभर टाकला नव्हता. आउट झालेले खानसाहेब पॅव्हेलियनकडे जायच्या ऐवजी उलटे त्याच्याकडे गेले आणि पुन्हा त्याला मिठी मारली.

फोनवर सुभाष टाइप करताना दिसत होता. मग थांबला. पुन्हा टाइप करू लागला. पुन्हा थांबला. मी मनात म्हटलं, मेला आनंदानं गोंधळलाय.

नवा बॅट्समन अजून यायचा होता. तेवढ्यात दत्ता हसत हसत माझ्याकडे पळत सुटला.

आणि उत्तर आलं.

"आई."

"काय हो वहिनी?" दत्ता बाउंड्रीवरूनच ओरडला. "मुलगीच ना? मी म्हटलं होतं, मुलगीच!"