जाळण्यासाठी बांधलेलं घर

हार्लेमजवळ, ॲमस्टरडॅमच्या रक्षणासाठी उभारलेला मातीचा एक किल्ला आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी अवघी बासष्टची, म्हणजे अक्कल यायची होती. "हा किल्ला? आमच्याकडे याला उकिरडा म्हणतात," असं सुनेला ऐकवून मी शेजारच्या लाकडी घराचे फोटो काढत सुटले.

घराचा म्हातारा मालक भिंतीची कुजलेली फळी उचकटत होता.

"किती गोड घर!" मी म्हणाले. सुनेने ते डचमध्ये सांगताच त्याने फळीवर अंगठा दाबला. अंगठा सरळ आत गेला. मग तो तावातावाने बोलला.

सून म्हणाली, "आई, ते म्हणतात, हे जाळण्यासाठीच बांधलंय. युद्ध आलं की किल्ल्याच्या तोफांसमोर शत्रूला आडोसा नको, घरं झटपट जाळता यावीत, म्हणून इथे विटांच्या घरांना बंदी होती. आता विटा लावतो म्हटलं, तर नगरपालिका म्हणते, वारसा आहे, लाकूडच ठेवा. आजोबांनी राजधानीसाठी सोसलं, मी पाहुण्यांच्या फोटोंसाठी सोसायचं?"

यावर मी बया काय बोलले? "त्यांना जरा बाजूला व्हायला सांग, फोटोत येतायत."

फोटो सुरेख आलाय. पाहिला की नगरपालिकेच्याही आधी त्या बासष्टीच्या बाईला झोडपावंसं वाटतं. कारण तो निमूट बाजूला झाला होता.